कोपऱ्यातले ठिपके

तिचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण गिऱ्हाइकं तिला पेचकसबाईच म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा. तिला त्याचं काही वाटत नसे. काकांच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात ती लहानाची मोठी झाली. कॉम्प्युटर आले तेव्हा काकांनी नाक मुरडलं आणि हिने पेचकस उचलला, तो आजतागायत खाली ठेवला नव्हता. बोलणं तुटक, हात मात्र हळुवार. मशीन उघडण्याआधी ती मालकाचं सगळं ऐकून घ्यायची, आजाऱ्याला तपासण्याआधी घरच्यांशी बोलावं तसं.

त्या दिवशी सकाळी धाकटीचा फोन आला. धाकटी म्हणजे मोजणीदाराची धाकटी बहीण. केस पिकायला लागले तरी तिचं धाकटेपण काही सुटलं नव्हतं. भावाबहिणीचं ऑफिस एका बेकरीच्या वर होतं, दोन खोल्यांचं. जुनी घरं विकायची किंवा पाडायची असली की त्यांचे नकाशे काढून देणं हा त्यांचा धंदा. मोजणीदार घरी जाऊन मोजमाप घ्यायचा आणि धाकटी कॉम्प्युटरवर त्याचे नकाशे करायची. धाकटीचं म्हणणं असं, की नवीन ग्राफिक्स कार्ड बसवलं, त्याचा ड्रायव्हर टाकला आणि तेव्हापासून मशीन उभंच राहत नाही. पडदा काळा होतो, मग निळा, मग आपोआप पहिल्यापासून सुरू. काढून टाकला, परत टाकला, तरी ये रे माझ्या मागल्या.

पेचकसबाई पिशवी घेऊन गेली. जिन्यात ताज्या पावाचा वास कोंडलेला होता. मोजणीदार खिडकीपाशी उभा होता, उंच, किडकिडीत, हात मागे बांधून. मशीनबद्दल त्याला फार कळत नव्हतं, पण ते बंद असल्याचा राग चेहऱ्यावर होता. एका घराचे नकाशे द्यायचे होते आणि घर विकत घेणारे मागे लागले होते.

तिने मशीन सेफ मोडमध्ये सुरू केलं, म्हणजे अगदी गरजेपुरतं, बाकी सगळं झोपवून. आत बघितल्यावर तिच्या लक्षात आलं, की इथे दोन स्वयंपाकी एकाच चुलीवर लढताहेत. जुन्या कार्डाचा ड्रायव्हर अर्धामुर्धा शिल्लक होता. धाकटी नवा टाकायला गेली, की कॉम्प्युटर इंटरनेटवरून स्वतःच तिसराच आणून मध्ये घुसवत होता. ड्रायव्हर म्हणजे कार्ड आणि कॉम्प्युटर यांच्यातला दुभाषा. तीन दुभाषे एकदम बोलायला लागले तर दोन्ही पाहुणे उठून जाणारच, असं तिने धाकटीला समजावलं. मग इंटरनेटची वायर उपटली, जुन्याचा शेवटचा कणसुद्धा खरवडून काढला आणि नवा ड्रायव्हर एकटाच बसवला. पडदा एकदा लुकलुकला आणि शांत, स्वच्छ उभा राहिला.

कार्डावर ताण देणारी चाचणी लावून तिघांनी चहा घेतला. मशीन गरम झालं, पंखे घोंगावले, पण ते पडलं नाही. मोजणीदाराच्या कपाळावरची आठी उतरली. पेचकसबाई पिशवी आवरत असताना धाकटीने ते अडलेलं काम उघडलं आणि पडदा काळा झाला. मग निळा.

पुढचे दोन दिवस पेचकसबाईच्या नाकी नऊ आले. तिने ड्रायव्हरची आधीची आवृत्ती टाकून बघितली, त्याच्याही आधीची बघितली. वीजपुरवठ्याचा डबा बदलला, मेमरीच्या पट्ट्या काढून पुसून बसवल्या, कार्ड दुसऱ्या खाचेत घातलं. शेवटी दुकानातून दुसरं, अगदी निराळं कार्ड आणून लावलं. तेही त्याच जागी कोसळलं. दुसरं कुठलंही काम उघडलं तर मशीन बिनतक्रार चालायचं. तेव्हा ती खुर्चीत मागे टेकली आणि म्हणाली, की आपण रोग रेड्याला नि औषध पखालीला देतोय. बिघाड मशीनमध्ये नाही, या कामातच काहीतरी आहे.

ते काम काय आहे हे तिने धाकटीकडून नीट समजून घेतलं. मोजणीदार टेप घेऊन मोजत नसे. त्याच्याकडे एक स्कॅनर होता, तीन पायांच्या स्टँडवर उभा राहणारा. तो गरगर फिरत चहूकडे उजेडाची बारीक किरणं सोडतो. किरण जिथे आपटेल तिथे एक ठिपका नोंदतो. भिंत, दार, खिळा, जे असेल ते. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत असा तो हलवत न्यायचा आणि सगळीकडचे ठिपके एकत्र केले की अख्खं घर ठिपक्यांचं उभं राहायचं, त्यात फिरता यायचं. स्कॅन चालू असताना कोणी चालत गेलं तर ते धुराच्या रेघेसारखं येतं, आणि अशा रेघा पुसणं हे धाकटीचं रोजचं काम होतं.

पेचकसबाईने त्या घराचे कांद्यासारखे तुकडे करायला सांगितले. एकेक तुकडा वेगळा उघडायचा. तळमजला उघडला. जिना उघडला. वरची पुढची खोली उघडली. मागची खोली उघडायला गेले आणि मशीन बसलं. मग त्या खोलीचेच चार भाग केले. तीन उघडले. खिडकीजवळचा कोपरा उघडला नाही.

“एवढ्याशा कोपऱ्यात असं काय आहे?” मोजणीदाराने विचारलं. “रिकामी खोली होती ती.”

नवा ड्रायव्हर काढून टाकला, तर कॉम्प्युटर स्वतःजवळच्या साध्या ड्रायव्हरवर चालतो. तो मंद असतो, पण सगळे ठिपके एकदम काढायच्या भानगडीत पडत नाही, मधले मधले वेचून दाखवतो. पेचकसबाईने तेच केलं. पडद्यावर हळूहळू, राखाडी ठिपक्यांनी, तो कोपरा भरत गेला. आधी जमीन आली. मग खिडकीची चौकट. मग त्या दोन्हींच्या मध्ये एक माणूस आला.

तो बसलेला होता. खाली खुर्ची नव्हती, तरी बसलेला होता. पाठ थोडी वाकलेली, डावा खांदा उजव्यापेक्षा खाली उतरलेला, एक पाय पुढे, टाच टेकून चवडा उचललेला. दोन्ही हात छातीच्या जरा खाली, पुढे धरलेले, जणू समोरच्या टेबलावर काहीतरी सपाट पसरून ते सरकवतोय. समोर टेबल नव्हतं. चेहरा खाली झुकलेला होता, त्यामुळे दिसत होती ती फक्त टाळू आणि कानांच्या कडा. धुराची रेघ कुठेच नव्हती. इतका रेखीव माणूस येण्यासाठी तो पूर्ण वेळ दगडासारखा निश्चल बसायला हवा, असं धाकटी हळू आवाजात म्हणाली.

खाली बेकरीत कोणीतरी पत्र्याचे ट्रे आपटत होतं. मोजणीदाराने ठासून सांगितलं, की घराची किल्ली त्याच्याच खिशात होती, आत शिरल्यावर त्याने स्वतः कडी लावली होती आणि घरात एक मुंगीही नव्हती. शिवाय स्कॅनर फोटोही काढतो. धाकटीने ते फोटो उघडले. कोपरा रिकामा होता. खिडकीतून आलेलं ऊन जमिनीवर पसरलेलं, बस्स.

पेचकसबाईला मात्र वेगळ्याच गोष्टीने पछाडलं होतं. एक माणूस, मग तो कितीही निश्चल असो, एवढे ठिपके देत नाही. मशीन कोसळेल इतके तर नाहीच. तिने धाकटीला विचारलं, की कुठला ठिपका स्कॅनर कुठे उभा असताना आला, हे कळतं का. कळत होतं. धाकटीने प्रत्येक जागेला निराळा रंग दिला आणि मग तिचा हात माउसवरच थांबला. त्या माणसावर सगळेच रंग होते. मागच्या खोलीतून तो दिसला होता, ते ठीक. पण तो पुढच्या खोलीतूनही दिसला होता, मध्ये भिंत असताना. खालच्या स्वयंपाकघरातून दिसला होता, वरचं छत आड असताना. जिन्यातून, अंगणातून, गच्चीवरून. स्कॅनर घरात जिथे जिथे ठेवला होता, तिथून प्रत्येक वेळी त्याने तो कोपरा बघितला होता. थरावर थर साचले होते आणि नवा ड्रायव्हर ते सगळे एकदम काढायला गेला की गुदमरत होता.

“किरण भिंतीतून जात नाही,” मोजणीदार म्हणाला. थोड्या वेळाने त्याने तेच पुन्हा म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पेचकसबाई त्याच्याबरोबर त्या घरी गेली. स्कॅनर बिघडलाय का ते तिला बघायचं होतं, निदान तिने तसं सांगितलं. दुपारची वेळ होती. अरुंद गल्लीच्या टोकाचं ते दुमजली घर, शेजारच्या घरांना खांदा लावून उभं असलेलं. आत भिंतींवर फोटोंच्या जागी फिकट चौकोन उरले होते. वरच्या मागच्या खोलीत ऊन होतं, उबदार, धुळीच्या कणांनी भरलेलं. ती कोपऱ्यात जाऊन उकिडवी बसली. तिथल्या फरशीवर चार बोटभर खड्डे होते, काहीतरी जड वर्षानुवर्षं ठेवल्याचे, आणि त्यांच्या मध्ये फरशी झिजून गुळगुळीत झाली होती. ती उभी राहिली आणि पडद्यावर ज्या उंचीवर तो उतरलेला डावा खांदा होता, तिथे तिने हात नेला. हवेतून हात फिरवला. काहीच लागलं नाही. पण हात काढून घेतल्यावर तिला उगाचच वाटलं, की आपण विचारल्याशिवाय कुणाच्या तरी अंगाला हात लावला. तिने तो साडीच्या पदराला पुसला आणि मग स्वतःचीच लाज वाटली.

मोजणीदाराने दोनच स्कॅन घेतले. एक त्या खोलीतून, एक खालच्या स्वयंपाकघरातून. दोन्ही वेळा दोघं बाहेर रस्त्यावर जाऊन उभे राहिले. उन्हात उभा असूनही तो हात चोळत होता.

ऑफिसात परत येऊन साध्या ड्रायव्हरवर ते उघडलं, तर माणूस तिथेच होता. दोन्ही स्कॅनमध्ये. पण आता त्याचा पुढचा पाय टाच वर करून होता, आधी चवडा वर होता. आणि मान खाली नव्हती. ती बाजूला वळली होती, पेचकसबाई जिथे उभी राहिली होती त्या बाजूला. ठिपक्यांना डोळे नसतात. तिथे नुसते खळगे होते. तरी तिने खुर्ची मागे सरकवली.

तेवढ्यात दार वाजलं. आलेली बाई त्या घराची मालकीण होती. चौकात तिचं औषधांचं दुकान होतं, अंगावर दुकानातला पांढरा कोट तसाच होता. नकाशांचं काय झालं ते विचारायला ती आली होती. धाकटी पडदा बंद करायला धडपडली, पण गडबडीत तिच्या हातून नुसतं चित्र फिरलं आणि तो माणूस पाठमोरा झाला. वाकलेली पाठ, उतरलेला खांदा.

औषधवाली दारातच थिजली. मग पडद्याच्या अगदी जवळ आली.

“हा माझ्या बाबांचा खांदा आहे,” ती म्हणाली.

कोणी काही विचारायच्या आत ती खुर्चीत बसली आणि सांगायला लागली. बाबा शिंपी होते. त्या खिडकीखाली त्यांचं पायाने चालवायचं शिलाई मशीन होतं आणि तिथेच त्यांचा जन्म गेला. डावा खांदा कामाने उतरला, त्यामुळे जगाचे सदरे अंगाबरोबर शिवणाऱ्या माणसाला स्वतःचा सदरा कधी नीट बसला नाही. आई त्यावरून त्यांची फार थट्टा करायची. वर्षापूर्वी अर्धांगाचा झटका आला आणि वाचा गेली. एक बाजू गेली. हिचं दुकान, हिची धावपळ. घरी बघणारं कोणी नाही, म्हणून त्यांना शुश्रूषागृहात ठेवलं. मशीन कोणाला तरी देऊन टाकलं. आणि आता घर विकायला काढलं होतं, कारण रिकाम्या घराच्या भिंती नुसत्या ओल धरत होत्या. बाबांना ते सांगितलं होतं, पण त्यांना कळलं की नाही कोण जाणे.

“तिथली नर्स मला एकदा म्हणाली होती,” औषधवाली पडद्यावरची नजर न काढता बोलली, “तुमचे वडील डोळे उघडे ठेवून पडलेले असतात, पण ते इथे नसतात. मी तेव्हा तिच्यावर चिडले होते.”

पंखा गरगरत होता. मोजणीदाराने घसा साफ केला. तो वाईट माणूस नव्हता, पण घाबरला की कामावर येऊन थांबायचा. त्याने बहिणीला सांगितलं, की हे पुसून टाक. स्कॅनमधून माणसं पुसणं हे तर आपलं रोजचं काम. नकाशाला भिंती लागतात, बसलेली माणसं लागत नाहीत. ते पुसलं की मशीनही पडायचं थांबेल, नकाशे जातील, विषय संपेल. धाकटीने मुकाट्याने त्या आकृतीभोवती चौकट ओढली. सगळे ठिपके लाल झाले. तिचं बोट कीबोर्डवर गेलं.

“थांबा,” औषधवाली म्हणाली. “हे पुसलंत तर त्यांचं काय होईल, माहीत आहे तुम्हाला?”

कोणालाच माहीत नव्हतं. धाकटीने बोट उचललं आणि हात मांडीवर ठेवला.

पेचकसबाईची धंद्यातली एक सवय होती. काहीही पुसण्याआधी त्याची एक प्रत काढून ठेवायची. तिचा हात सवयीने पिशवीतल्या डिस्ककडे गेला आणि तिथेच राहिला. प्रत काढली तर काय होईल, हेही तिला माहीत नव्हतं. तिने मशीन जसं होतं तसं, साध्या ड्रायव्हरवर, चालू ठेवायला सांगितलं आणि औषधवालीला विचारलं, की मला त्यांच्याकडे न्याल का.

शुश्रूषागृह स्वच्छ होतं. फिनेलचा वास, ओळीने खाटा, खिडक्यांना दुधी काचा. म्हातारा पाठीवर निजला होता, डोळे छताकडे. मुलीने हाक मारली, हात चोळला, दुकानातल्या गमती सांगितल्या. तो हलला नाही. चादरीखाली एक पाय मात्र हलत होता. टाच, चवडा, टाच, चवडा, संथपणे. नर्स म्हणाली की हे स्नायूंचं आहे, त्यावर काही उपाय नाही.

पेचकसबाई खाटेच्या दुसऱ्या बाजूला गेली, तसा पाय थांबला. म्हाताऱ्याचे डोळे छतावरून खाली आले आणि तिच्या चेहऱ्यावर स्थिरावले. ओळखीच्या माणसाकडे बघावं तसं त्याने तिच्याकडे बघितलं, जरा रागानेच. मग अंगात होती नव्हती ती ताकद लावून त्याने तिच्या बाजूचा खांदा आत ओढून घेतला, गार हात लागला की माणूस अंग चोरतो तसा. तो डावा खांदा होता. गेलेल्या बाजूचा.

“हे कसं काय हललं?” नर्स म्हणाली आणि डॉक्टरांना बोलवायला धावली.

पेचकसबाई वाकून म्हाताऱ्याच्या कानाशी म्हणाली, “माफ करा बाबा. मला माहीत नव्हतं तुम्ही बसलाय.”

त्यानंतर काय करायचं यावर फार बोलावं लागलं नाही. घर अजून औषधवालीच्याच नावावर होतं. डॉक्टरांनी आढेवेढे घेतले, पण आत ओढलेला तो खांदा त्यांनीही येऊन बघितला होता. दोन दिवसांनी दुपारी म्हाताऱ्याला चाकांच्या खुर्चीत बसवून गल्लीत आणलं. मोजणीदाराने आणि शुश्रूषागृहातल्या एका माणसाने खुर्ची उचलून जिना चढवली. पेचकसबाई मागून तोल सांभाळत होती, औषधवाली पुढे चालत प्रत्येक पायरी बाबांना सांगत होती. मागच्या खोलीच्या दारात खुर्ची टेकवली, तेव्हा सगळ्यांचीच नजर आधी कोपऱ्याकडे गेली. तिथे ऊन होतं.

खुर्ची कोपऱ्यात नेताना मोजणीदार मध्येच अडखळला. नंतर तो म्हणाला, की शेवटच्या हातभर जागेत खुर्ची जड झाली, कोणाच्या तरी अंगावर ढकलत नेल्यासारखी, आणि मग एकदम हलकी. पेचकसबाईला तसं काही जाणवलं नव्हतं. औषधवालीने वाकून बाबांचा पाय खुर्चीच्या पट्टीवरून खाली घेतला. झिजलेल्या फरशीवर तो बरोबर बसला. म्हाताऱ्याने खिडकीकडे बघितलं, जमिनीकडे बघितलं, मग स्वतःच्या हातांकडे. त्याने एक लांब श्वास सोडला. इतका लांब, की मुलगी घाबरून पुढे झाली. पण त्याने पुन्हा श्वास घेतला.

औषधवालीच्याच सांगण्यावरून मोजणीदाराने स्कॅनर आणला होता. तो सुरू करून सगळे खोलीबाहेर, जिन्यात जाऊन बसले. मुलीला बाबांना एकटं सोडवत नव्हतं. ती दाराला पाठ लावून उभी राहिली. आतून स्कॅनरच्या फिरण्याची बारीक घरघर येत होती. त्या आवाजात पेचकसबाईला मधूनच दुसरा एक आवाज ऐकू आल्यासारखा वाटला, पायमशीनचा, ठेका धरलेला. तिने मोजणीदाराकडे बघितलं. तो दुसरीकडे बघत होता, आणि त्याच्या मानेवरून घाम उतरत होता. खालच्या स्वयंपाकघरातूनही एक स्कॅन घेतला. मग म्हाताऱ्याला खाली आणलं. तो खुर्चीतच गाढ झोपला होता, तोंड किंचित उघडं ठेवून, सदऱ्याची कॉलर एका बाजूला घसरलेली.

ऑफिसात पोचल्यावर पेचकसबाईने नवा ड्रायव्हर पुन्हा बसवला. सवयीने ती श्वास रोखून बसली. मशीन पडलं नाही. नव्या स्कॅनमध्ये म्हातारा चाकांच्या खुर्चीत बसलेला होता, कडा जराशा पुसट. श्वास घेणारा माणूस जेवढा पुसट येतो तेवढाच. धाकटीने रंग देऊन बघितले. तो फक्त त्या खोलीतूनच दिसत होता. स्वयंपाकघरातल्या स्कॅनमध्ये स्वयंपाकघर होतं, आणखी काही नाही.

“आता जुनं उघड,” पेचकसबाई म्हणाली.

धाकटीने जुनं अख्खं घर उघडलं, सगळ्या जागांचे सगळे ठिपके एकदम, नव्या ड्रायव्हरवर. तेही उघडलं. पडद्यावरच ती जिन्यातून वर गेली, मागच्या खोलीत शिरली, खिडकीजवळ आली. कोपरा रिकामा होता. धाकटीने वळून विचारलं, की ताई, तुम्ही पुसलंत का. पेचकसबाईला वाटलं होतं की धाकटीनेच पुसलंय. मोजणीदाराने तर मशीनला कधी हातच लावला नव्हता. मग धाकटीने फाइलचा आकार बघितला. तो होता तेवढाच होता, एका ठिपक्यानेही कमी झालेला नव्हता. सगळे ठिपके तिथेच होते, पण कोपऱ्यात कोणी नव्हतं. नकाशे त्याच आठवड्यात गेले आणि मोजणीदार तेव्हापासून रिकाम्या घरात एकटा जात नाही, बहिणीला बरोबर नेतो. ती कुरकुरते, पण जाते.

घर विकलं गेलं. औषधवालीने बाबांना शुश्रूषागृहातून काढून दुकानाच्या वरच्या खोलीत आणलं, एक बाई मदतीला ठेवली आणि खाट खिडकीला लावली. पुढे एकदा पेचकसबाई डोकेदुखीची गोळी घ्यायला त्या दुकानात गेली, तेव्हा तिने म्हाताऱ्याची चौकशी केली. बोलत नाहीत, पण बरे आहेत, औषधवाली म्हणाली. डावा हात थोडा हलायला लागलाय. पेज स्वतःच्या हाताने पितात, सांडतात, पण पितात. आणि आता डोळे मिटून झोपतात.

गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून ती काउंटरवर कोपर टेकवून थोडी जवळ आली.

“तरी मी दुपारी मधूनच वर जाऊन बघून येते,” ती म्हणाली. “आहेत का ते.”

“मग?”

“असतात,” ती म्हणाली, आणि गोळ्यांची पट्टी कापायला कात्री शोधायला लागली.